करंगळी : सात टक्के

पाची बोटं सारखी नसतात हे आपले वाडवडील सांगून गेले. नेमकी किती सारखी नसतात, हे सांगण्याचं काम मात्र कायद्याच्या वाट्याला आलं. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या शेपटाला एक परिशिष्ट आहे. कामावर असताना कामगाराचा कुठला अवयव गेला म्हणजे त्याची कमाईची ताकद किती टक्क्यांनी घटली असं धरायचं, याचा तो दरतक्ता. तर्जनी मुळापासून गेली तर १४ टक्के, मधलं बोट १२, आणि अनामिका किंवा करंगळी ७. एकीत साखरपुड्याची अंगठी येते आणि दुसरी शाळेत मास्तरांना दाखवून वर्गाबाहेर पडायच्या कामी येते, पण कायद्याने दोघींना एकाच पंगतीला बसवलं आहे. अंगठा ३० टक्के. सही न येणाऱ्याला आपण अंगठाबहाद्दर म्हणून हिणवतो, पण तो अंगठा एकटा दोन तर्जन्यांना भारी पडतो. हाड शाबूत राहून बोटाचं नुसतं टोक उडालं तर तर्जनीला ५ आणि करंगळीला २ टक्के. या टोक उडण्याला मूळ मजकुरात 'गिलोटिन' असा शब्द आहे. ज्या यंत्राखाली फ्रान्सच्या राजाची मान गेली त्याचं नाव करंगळीच्या टोकाला लाभावं, हा करंगळीचा केवढा सन्मान! हात खांद्याखाली कुठे तुटला हे ठरवायला २०.३२ सेंटिमीटर आणि कोपराखाली ११.४३ सेंटिमीटर अशी मापं दिली आहेत. ही अचूकता पाहून तोंडात बोट घालण्याआधी एवढं ध्यानात घ्यावं, की ही मापं म्हणजे आठ इंच आणि साडेचार इंच. देश दशमान पद्धतीत गेला, टेप मात्र साहेबाचीच राहिली.

हा तक्ता कुठे टांगायचा झाला तर फळं आणि भाज्यांवर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात टांगावा, कारण हा धंदाच मुळी बोटांचा. रत्नागिरी-सिंधुदुर्गात मे महिन्यात कॅनिंगचा आंबा यायला लागतो, तेव्हा यंत्रात जाण्याआधी तो सोलणाऱ्या बायकांच्या हातांतून जातो. हातात सुरी, रसाने बुळबुळीत झालेला आंबा, त्याहून बुळबुळीत फरशी, पलीकडे गर काढणारा पल्पर, त्याच्या पलीकडे वाफ आणि डब्यांची झाकणं दाबणारं यंत्र. काजूच्या कारखान्यात बी फोडताना टरफलातलं तेल कातडी जाळतं. तासगावकडे बेदाण्याला गंधकाची धुरी देतात. बेदाण्याला त्यातून रंग मिळतो आणि माणसाला खोकला. कांदा-लसूण कापून वाळवणाऱ्या यंत्राची पाती कांद्यात आणि करंगळीत फरक करत नाहीत, कारण त्यांनी वरचा तक्ता वाचलेला नसतो. आणि गंमत अशी, की हिशेबाच्या बाबतीत याच धंद्याइतका काटेकोर धंदा शोधून सापडायचा नाही. आंब्याची प्रतवारी होते, गराची गोडी ब्रिक्समध्ये मोजतात, प्रत्येक डब्यावर बॅचचा नंबर आणि तारीख उमटते. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून आंब्याच्या जन्मगावाचा दाखलाही मागता येतो. परदेशात एखादा डबा फुगला तर तो कुठल्या दिवशीचा, कुठल्या घाण्याचा, हे नंबरावरून सांगता येतं. त्या दिवशी आंबा सोलत कोण बसलं होतं, याची नोंद मात्र मुकादमाच्या खिशातल्या वहीत, आणि तीही 'वाडीवरच्या चौघी' एवढीच. अन्नसुरक्षेचे नियम कामगाराची नखं कापलेली आहेत का, बोटात अंगठी आहे का, केस टोपीत आहेत का, हे पाहतात. वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणीही सांगतात. तपासणी योग्यच आहे. फक्त नख डब्यात गेलं तर माल परत येतो आणि बोट यंत्रात गेलं तर बाई परत येत नाही, एवढ्या फरकामुळे या धंद्यात नखाचा विचार आधी होतो आणि बोटाचा नंतर.

बोटाचा विचार करण्याचा रूढ मार्ग म्हणजे कामगार नुकसानभरपाईचा विमा. त्यावर छोट्या कारखानदाराचं ठरलेलं उत्तर असतं, की हे मोठ्या कंपन्यांचे चोचले, आम्हाला विमा काढणं परवडत नाही. माझं म्हणणं असं, की विमा न काढण्याची सोय त्याला मुळात नाहीच. कामातून आणि कामाच्या ओघात अपघात झाला, की भरपाई द्यायची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. चूक कुणाची, हा प्रश्नच नाही. मालक सज्जन आहे का, त्याला कर्ज किती, यंदा आंब्याला मोहोर कमी आला का, याचीही चौकशी नाही. विम्याची सक्ती त्या कायद्यात नव्हती; सक्ती होती ती भरपाईची. विमा फक्त एवढंच ठरवतो, की पैसे कुणाच्या खिशातून जाणार. म्हणजे हप्ता वाचवणारा मालक विम्याविना राहत नाही; तो स्वतःच एक विमा कंपनी होऊन बसतो. फरक एवढाच, की खरी विमा कंपनी हजारो कारखान्यांचे हप्ते गोळा करते, गणिती नेमते, राखीव निधी ठेवते. आमच्या या कंपनीचं भांडवल म्हणजे दोन महिन्यांचा गर आणि सोसायटीचं कर्ज, गणिती म्हणजे मुकादम आणि राखीव निधी म्हणजे सौभाग्यवतीच्या पाटल्या. त्यातही ज्यांचा विमा या कंपनीने उतरवला आहे, त्यांची नावंही तिला ठाऊक नाहीत.

या घरगुती विमा कंपनीवर केवढी जोखीम आहे, हे पाहायला एक हिशेब पुरे. कायम स्वरूपाच्या अपंगत्वाला मासिक वेतनाच्या ६० टक्के रक्कम घ्यायची, तिला वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणायचं आणि येईल त्यातून अवयवाचे टक्के काढायचे. गुणक सोळा वर्षांच्या वयाला २२८.५४ पासून सुरू होतो आणि पासष्टीला ९९.३७ वर येतो. चाळीस वर्षांच्या बाईला तो १८४.१७ आहे. तिला महिन्याला १०,००० रुपये मिळतात असं धरलं, तर ६,००० गुणिले १८४.१७ म्हणजे ११,०५,०२० रुपये. यातून करंगळीचे ७ टक्के म्हणजे सुमारे ७७,३५१ रुपये, तर्जनीचे १४ टक्के म्हणजे सुमारे १,५४,७०३ आणि अंगठ्याचे ३० टक्के म्हणजे ३,३१,५०६. २००९ च्या दुरुस्तीनंतर औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. याच दुरुस्तीने कायद्याच्या नावातला 'वर्कमन' काढून तिथे 'एम्प्लॉयी' बसवला. आंबा सोलणारीला कायद्याच्या पाटीवर पुरुष म्हणून उभं राहावं लागत होतं, ते कायदा जवळपास नव्वदीला टेकल्यावर थांबलं. पुढे हा सगळा कायदाच सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. घर बदललं तरी पाटा-वरवंटा बरोबर न्यावाच लागतो, तसं टक्क्यांचं आणि गुणकांचं कोष्टक नव्या संहितेतही आलं आहे.

आता मालकांचे आक्षेप. पहिला आक्षेप हंगामाचा : आमचं काम वर्षातून दोन महिने, त्याला कसला विमा? या आक्षेपाला थोडा कायदेशीर वासही आहे, कारण कर्मचारी राज्य विमा योजनेतून हंगामी कारखाने वगळलेले आहेत. पण तिथली हंगामी कारखान्याची व्याख्या वाचण्याजोगी आहे. सरकी काढणं, कापसाच्या-तागाच्या गाठी बांधणं, भुईमुगाच्या शेंगा फोडणं, कॉफी, लाख, रबर, गुळासकट साखर, चहा आणि नीळ. निळीच्या मळ्यांवरून चंपारणात सत्याग्रह झाला त्याला शंभरावर वर्षं उलटली, तरी कायद्याच्या स्मरणात नीळ अजून ओली आहे आणि त्या यादीत आंबा काही नावानिशी आलेला नाही. यादी वाढवायची मुभा सरकारला आहे; मालकाला नाही. आणि समजा कारखाना त्या योजनेबाहेर राहिला, तरी त्याचा अर्थ उलटा होतो. योजनेत असता तर भरपाईची जबाबदारी योजनेने उचलली असती. बाहेर राहिला म्हणून ती मालकाच्याच दारात येऊन बसते. 'ती तर कालच कामाला आली होती' हेही चालत नाही. महिना भरला नसेल तर त्याच कामावरच्या दुसऱ्या कामगाराचं वेतन धरून हिशेब करायचा, असं कायद्याने सांगून ठेवलं आहे. आंबा आठवड्यात पिकतो. बोट पहिल्या दिवशीही कापतं. उलट नवख्या हाताला सुरीची सवय नसते, म्हणून पहिला दिवसच जास्त धोक्याचा.

दुसरा आक्षेप नात्यागोत्याचा आणि ठेक्याचा. 'हे कामगार नव्हेतच, आमच्या घरचीच माणसं' असं म्हणताना मालकाचा गळा दाटून येतो. घरच्या माणसांना किलोवर पैसे कोण देतं, हा प्रश्न त्याला कुणी विचारत नाही. मजुरी दिली, काम सांगितलं, उशीर झाला म्हणून बोलणी ऐकवली, की वहिनी असो वा काकू, तिचं नातं भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांपुढे टिकत नाही. जिथे काकूही सापडत नाही, तिथे ठेकेदार सापडतो. माणसं ठेकेदाराची, आम्ही फक्त छप्पर दिलं, असं सांगून मालक हात वर करतो. पण मालकाच्या धंद्याचंच काम ठेकेदारामार्फत करून घेतलं, तर जखमी माणूस थेट मुख्य मालकाकडे भरपाई मागू शकतो. मालकाने ती आधी द्यावी आणि मग ठेकेदाराकडून वसूल करत बसावं. ठेकेदाराचा पत्ता मोसम संपल्यावर शोधायचा असतो, हे ज्यांना माहीत आहे त्यांना या वसुलीची गोडी किती ब्रिक्सची, हे सांगायला नको. राहता राहिली 'आमची शेतीच आहे हो' ही शेवटची पळवाट. फळ टिकवून डब्यात भरणं ही शेती नव्हे हे एक. आणि दुसरं असं, की ट्रॅक्टरने किंवा वाफेवर, विजेवर चालणाऱ्या साधनाने शेती करणारा माणूसही जुन्या कायद्याच्या यादीत होताच. त्यामुळे शेतीत शिरून लपायचं तर बैलजोडीच घेऊन शिरावं लागेल.

तिसरा आक्षेप माणुसकीचा, आणि तो सर्वांत आदराने ऐकायला हवा, कारण पुष्कळ मालक खरोखर चांगले असतात. कुणाला लागलं तर आम्ही दवाखान्यात नेतो, घरी पैसे पोचवतो, सणाला साडी देतो. विम्याची भाषा परक्यांची, असं ते म्हणतात. यातलं पहिलं वाक्य खरं असेल तर दुसरं चुकतं. माणुसकी ही मालकाच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर आणि बँकेतल्या शिलकीवर चालते. आंबा डागी निघाला की ती थोडी डागी होते. शिवाय कायद्याला माणुसकीचा हिशेब ठेवता येत नाही. कामगार दगावला तर वारसांच्या हाती परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत. रक्कम आयुक्तांकडे जमा करावी लागते, म्हणजे रडत्या घरात शिरून कमी पैशांत मिटवण्याचा मोह कुणाला होऊ नये. कामावर घेतानाच कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन 'माझी काही तक्रार नाही' असं लिहून ठेवण्याची चाल तर आणखी मजेची. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्यापुढे रद्दबातल आहे. म्हणजे तीस टक्के किमतीच्या अंगठ्याने उमटवलेला तो ठसा शून्य टक्के किमतीचा. भरपाई महिन्याच्या आत दिली नाही तर जुन्या कायद्यात १२ टक्के व्याज होतं आणि सबब पटली नाही तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. हा दंड विमा कंपनीच्या माथी मारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. चालढकलीचा विमा अजून कुणी काढलेला नाही.

चौथा आक्षेप कानात सांगितला जातो : विमा काढला, की कामगार बेफिकीर होतात, पैशासाठी बोट कापूनही घेतील, सांगता येत नाही. या शंकेला वरच्याच हिशेबाने तपासू. आपली बाई तर्जनीचं टोक, हाड वाचवून, कापून घेते असं धरलं तर तिला मिळणार ५ टक्के, म्हणजे ५५,२५१ रुपये. त्यासाठी तिने सुरी इतकी नेमकी चालवायला हवी, की हाड राहावं आणि टोक जावं. ज्या हाताला असं कसब आहे, त्याला कारखान्यात नव्हे, शस्त्रक्रियागृहात काम मिळेल. छोट्या जखमेत तर काही हशीलच नाही, कारण तीन दिवसांत कामावर परतता येईल एवढ्या दुखापतीला भरपाई मिळत नाही. दारू पिऊन काम केलं, सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडला किंवा यंत्राचं संरक्षक झाकण जाणूनबुजून काढलं, तर मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व सोडून इतर बाबतींत कायदा मालकाच्या बाजूने उभा राहतो. पण हे झाकण काढलं कुणी, हा प्रश्न विचारण्याची हिंमत हवी. झाकण लावलं की घाण्याला वेळ लागतो म्हणून ते बहुधा मालकाच्या डोळ्यांदेखतच कोपऱ्यात जातं. खंडेनवमीला त्याच पल्परला झेंडूची माळ घालून नारळ फोडला जातो. देवाने यंत्राचं रक्षण करावं आणि यंत्राने माणसाचं, अशी ही उतरंड. मधलं झाकण तेवढं कोपऱ्यात. हातावर पोट असलेला माणूस पोटासाठी हात विकून टाकतो, असं समजणाऱ्याला ही म्हण कळलेली नाही. हात गेला तर पोट कशावर ठेवायचं?

पाचवा आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे. विमा काढूनही कंपनी पैसे देताना शंभर शंका काढते, मग हप्ता कशाला भरायचा? शंका काढतात, हे मान्य. पण त्यातल्या पुष्कळशा शंकांचं बियाणं मालकानेच पेरलेलं असतं. हप्ता ठरतो तो वर्षाच्या एकूण मजुरीच्या रकमेवर आणि कामाच्या धोक्यावर. तेव्हा अर्ज भरताना साठ कामगारांचे बारा होतात, सुरी चालवणाऱ्या 'पॅकिंग'मध्ये जातात, पगार निम्म्यावर येतो आणि ठेकेदाराची माणसं तर जन्मालाच येत नाहीत. गणपतीच्या वर्गणीतही एवढी काटछाट कुणी करत नाही. आणि दैव असं खट्याळ, की अपघात हटकून त्या अठ्ठेचाळीस जणांतल्याच कुणाला व्हावा. कागदावर नसलेल्या माणसाचं कागदावर नसलेलं बोट तुटतं आणि त्याची भरपाई कागदावर असलेल्या मालकाला द्यावी लागते. त्या बारांपुरता विमा कंपनीवर भार; उरलेल्या अठ्ठेचाळिसांची विमा कंपनी पुन्हा तीच, सौभाग्यवतीच्या पाटल्यांवर चालणारी.

विम्याची वकिली करताना तक्त्याचीही वकिली करायची, असं मात्र नाही. तक्ता उजवा-डावा हात ओळखत नाही, आणि सुरी धरणाऱ्या हाताचं बोट व आंबा धरणाऱ्या हाताचं बोट यांच्या कामात जमीन-अस्मानाचं अंतर असतं. पगार कितीही असो, हिशेबात धरायच्या वेतनाला मर्यादा आहे. २०१० मध्ये ती ८,००० होती आणि जानेवारी २०२० पासून १५,००० रुपये. टक्के तेवढेच टक्के मानायचे, हा आग्रह न्यायालयानेही कधीच सोडला आहे. ओडिशात एका चित्रपटगृहात शोभेचं लाकूडकाम करणाऱ्या सुताराचा डावा हात १९६८ मध्ये पडल्यामुळे कोपराच्या वर कापावा लागला. तक्त्याप्रमाणे ते अर्धवट अपंगत्व. पण एका हाताने सुतारकी होत नाही, म्हणून त्याची कमाईची ताकद शंभर टक्के गेली, असं आयुक्तांनी धरलं आणि डिसेंबर १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केलं. एका हाताने टाळी वाजत नाही, हे न्यायालयाने रंध्याच्या भाषेत सांगितलं. आंबा सोलण्यालाही दोन हात लागतात. त्यामुळे करंगळीचे ७ टक्के पाठ करून 'एवढंच ना' म्हणणाऱ्या मालकाने हेही पाठ करावं, की तक्त्यावर दिसणारा आकडा हा शेवटचा आकडा असेलच असं नाही.

म्हणून साठ माणसं असतील तर साठ लिहावीत, सुरीला सुरी म्हणावं आणि डब्यावर जसा बॅचचा नंबर घालतो तशी बाईच्या नावाची नोंद करावी. पल्परचं झाकण कोपऱ्यातून आणून पल्परवर बसवावं. त्याला नारळाइतकाही खर्च नाही. हा उपदेश कामगारावर उपकार करण्यासाठी नाही. तिचा हक्क विम्याआधीही होता आणि विम्यानंतरही राहतो; बोट गेल्याचं दुःख तर कुठल्याच हप्त्याने कमी होत नाही. हप्ता भरून मालक वाचवतो ते स्वतःला. आपल्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि हजेरीची वही मिटून ठेवणाऱ्या मालकाचा सगळा भरवसा याच म्हणीवर असतो. पण वरचा हिशेब पुढे चालवून पाहा. अंगठ्यासकट चारही बोटं गेली तर तक्त्यात ६० टक्के, म्हणजे आपल्या चाळीस वर्षांच्या बाईच्या एका मुठीचे ६,६३,०१२ रुपये. तिची एकटी तर्जनीच सव्वा लाखाला मागे टाकते. म्हण केली त्या काळी भाव तेवढाच असेल. आता मूठ झाकून बसणाऱ्याने निदान चालू दर तरी माहीत करून घ्यावा.